आधी कोहळा, मग माणूस

दर वर्षी १५ जुलैला माझा फोन सकाळी सहापासून टुणटुणायला लागतो. हा प्लास्टिक सर्जरी दिन. सगळ्या ग्रुपांवर एकच चित्र फिरत असतं: दाढीवाले सुश्रुत, समोर नाक कापलेला रुग्ण, मागे झाड, खाली सोनेरी अक्षरांत ‘प्लास्टिक सर्जरीचे जनक’. त्यावर जोडलेले हात आणि तिरंगे. ज्या माणसाने मला तीन वर्षांत एकदाही शेजारी उभं राहून नीडल होल्डर कसा धरायचा ते दाखवलं नाही, तोही हे चित्र न चुकता पाठवतो. मीही अनेक वर्षं ते पुढे ढकलत आले. मग एकदा रिकाम्या संध्याकाळी सुश्रुतसंहिता खरोखरच उघडून वाचली. तेव्हापासून ते चित्र आलं की डोक्यात तिडीक जाते.

सूत्रस्थानाचा नववा अध्याय आहे ‘योग्यासूत्रीय’. योग्या म्हणजे सराव. कितीही शास्त्र पाठ असलं तरी हाताने सराव न केलेला शिष्य कामाला अयोग्यच, हे तिथे सुरुवातीलाच सांगून टाकलंय. मग कशावर काय शिकायचं याची यादी. कापायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. शिरेला भोक पाडायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. खरवडायला केसांसकट ताणलेलं कातडं. टाके घालायला जाड कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. आणि फाटलेली कानाची पाळी जोडायची, म्हणजे अगदी आमचंच काम, तर त्याचा सराव मांसाच्या मऊ तुकड्यांवर.

आमच्या विभागात भिंतीवर सुश्रुत होते. कोहळा मात्र कुठेच नव्हता. आमचा कोहळा म्हणजे रात्री दोन वाजता स्ट्रेचरवरून आलेला माणूस.

मी कळंबोलीची. सिडकोच्या केएल टाइप घरात वाढले. दोन खोल्या, आणि २६ जुलै २००५ला त्यात शिरलेलं पाणी. वडील लोखंड बाजारात माथाडी. मूळ गाव पाटण तालुक्यातलं, त्यामुळे देवांच्या रांगेत अण्णासाहेब पाटलांचा फोटो. मी एमबीबीएस झाले, जनरल सर्जरीत एमएस केलं, सुपरस्पेशालिटीची ‘नीट’ दिली आणि तीन वर्षांचं एमसीएच प्लास्टिक सर्जरी केलं. साडेपाच अधिक तीन अधिक तीन, शिवाय मधली बाँडची आणि प्रवेश परीक्षांची वर्षं. शेवटचा पेपर दिला तेव्हा माझ्या दहावीतल्या मैत्रिणीची मुलगी तिसरीत होती. एमसीएच कुठे केलं ते लिहीत नाही. मोठं, गर्दीचं, सरकारी, एवढं पुरे. एका कॉलेजचं नाव घेतलं की बाकीची सगळी सुटकेचा श्वास टाकतात, आणि मला कुणालाच तसं सुटू द्यायचं नाही.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर इन्स्टावरची नाकं आणि ओठ येतात. आमच्या वॉर्डात असतात भाजलेल्या बायका, दुभंगलेला ओठ घेऊन आलेली बाळं, चाकाखाली पायाची कातडी मोज्यासारखी सोलून निघालेले बाइकवाले, आणि हात. यंत्रात गेलेले हात. कळंबोलीच्या एका अंगाला लोखंड बाजार, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी, मधून सायन-पनवेल हायवे, आणि पुण्याचा एक्स्प्रेसवे इथूनच सुटतो. आमच्याकडे बोट नसलेला माणूस दिसला तर कुणी वळूनही बघत नाही. मी या शाखेकडे वळले त्याचं हे एक कारण. दुसरं कारण मार्क. खोटं कशाला बोला.

आता त्या रात्रीबद्दल. मी दुसऱ्या वर्षाला. पॉवर प्रेसमध्ये हात गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आला. तर्जनी आणि मधलं बोट. मधलं पार चिरडलेलं. तर्जनी एका कातडीच्या पट्टीवर लोंबत होती, म्हणजे वाचवण्यासारखी होती. (एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती कधी कुणाच्या कामाला येईल सांगता येत नाही: तुटलेलं बोट थेट बर्फात टाकायचं नाही. ते गोठतं आणि मरतं. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. पिशवी पेशंटबरोबरच पाठवा.) त्याचं कार्ड वाचलं तर पत्ता कळंबोलीचा. आमच्या सेक्टरपासून दोन सेक्टर पलीकडे. त्याची आई मला ‘सिस्टर’ म्हणत होती. बाई डॉक्टर सर्जन असते हे आमच्याकडे अजून पचलेलं नाही, पण तो वेगळा विषय.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “कर तू. मी आहे.” आहे म्हणजे घरी आहे.

बोटाच्या मुळाशी जी धमनी असते ती साधारण एक मिलिमीटर जाडीची. ती जोडायचा दोरा केसापेक्षा बारीक. तो मायक्रोस्कोपखालीच दिसतो, आणि मायक्रोस्कोपखाली तुमचा हात तुमचा राहत नाही. श्वास घेतला तरी सुई रस्ता ओलांडून जाते. मी तोवर ही शस्त्रक्रिया चारदा पाहिली होती, बाजूच्या भिंगातून. करून एकदाही पाहिली नव्हती. माणसावर नाही, उंदरावर नाही, कोंबडीवर नाही, रबराच्या नळीवर नाही. ती सुई मी आयुष्यात पहिल्यांदा धरली ती त्या पोराच्या धमनीवर, पहाटे चार वाजता, सलग बाविसाव्या तासाला.

नवशिक्याची एक ठरलेली चूक असते. नळीच्या पुढच्या भिंतीला टाका घालताना सुई मागच्या भिंतीतूनही जाते, आणि नळी जोडली जाण्याऐवजी शिवून बंद होते. पुस्तकात हे लिहिलेलं आहे. मला ते तोंडपाठ होतं. मी नेमकं तेच केलं. तेव्हा कळलंही नाही. बोट थोडा वेळ गुलाबी दिसलं, मला रडू आलं, आनंदाने. दुसऱ्या दिवशी ते निळसर झालं, तिसऱ्या दिवशी काळं. काढून टाकताना मी ती नळी उघडून पाहिली आणि माझा टाका मला दिसला.

त्याच्या आईला मी काय सांगितलं? “मशीनने फारच चिरडलं होतं हो, मावशी. आम्ही प्रयत्न केला.” दोन्ही वाक्यं शब्दशः खरी आहेत.

लॉगबुकात मी लिहिलं: स्वतः केली, देखरेखीखाली. सरांनी सही केली. तीन वर्षं त्या वहीत अशा शेकडो ओळी भरल्या जातात. कोणती शस्त्रक्रिया, कोणती तारीख, करणारा की मदतनीस, आणि शेवटी सही. त्या बोटाचं पुढे काय झालं, यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. परीक्षकाने ती वही तोंडी परीक्षेत पाहिली, पानं अंगठ्याने फरफर उडवली आणि म्हणाला, “मायक्रोचे नंबर चांगले आहेत.”

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणेल की बाई, हा तुमचा एकटीचा अनुभव. असेल. मग तुमच्या ओळखीच्या कोणत्याही सर्जिकल रेसिडेंटला एकच प्रश्न विचारा: पहिला टाका कशावर घातलास? उत्तर द्यायच्या आधी तो हसतो की नाही ते बघा.

हे मी वडिलांना सांगितलं, दोन वर्षांनी. ते गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले, “कोन शिकिवतंच न्हाई व्हय तुमास्नी?” त्यांना हे खरोखरच कळेना. लोखंड बाजारात टोळीत नवा गडी आला की त्याला आधी नुसतं बघायला उभं करतात. मग साखळी आणायला. मग साखळी लावायला, ती सुद्धा शेजारी जुना माणूस असताना. क्रेनखाली हात कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवायचा नाही, हे त्याला शिव्या देऊन, प्रसंगी थोबाडीत मारून शिकवतात. थोबाडीत मारण्याचं मी समर्थन करत नाही. पण शिकवतात. का शिकवतात? माथाडी लई मायाळू असतात म्हणून? टोळीची मजुरी सगळ्यांत वाटली जाते म्हणून. नव्याने माल पाडला तर नुकसान टोळीचं, आणि साखळी सुटली तर खाली टोळीतलंच कुणीतरी असतं.

आमच्याकडे नव्याने माल पाडला तर नुकसान कुणाचं? सरांचं नाही, पगार तोच राहतो. विभागाचं नाही, रांग दुसऱ्या दिवशीही तेवढीच असते. रेसिडेंटचं तर नाहीच, उलट त्याचा ‘नंबर’ वाढतो. नुकसान एकट्या पेशंटचं, आणि त्याला ते नुकसान आहे हेच कळत नाही, कारण त्याला वाटतं नशीब. माझ्या भांडणाचं मूळ इथे आहे. रेसिडेंट गरिबांवर शिकतात, ही तक्रार जुनी आहे आणि अर्धवट आहे. कुणावर तरी शिकणारच. प्रश्न असा की शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत ज्यांनी शिकवायचं त्यांच्यापर्यंत पोहोचते का. पोहोचत नाही, म्हणून कोहळा विकत घ्यायची गरज कुणाला वाटत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवा. पुढे-मागे लाल ‘एल’. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक. एमएच ४६च्या कोणत्याही गल्लीत, दीड महिन्याच्या कोर्ससाठी, चारचाकीच्या बाबतीत आपण एवढं करतो. ऑपरेशन थिएटरमध्ये ‘एल’ कुठे लावलेला असतो? संमतीपत्रात बारीक टायपात. ते पत्र मी स्वतः हजारभर लोकांकडून सही करून घेतलं असेल, सरासरी अर्ध्या मिनिटात. “इथे सही, इथे नातेवाइकाची सही.” त्यात आज तुमच्या हातावर कोण काम करणार आहे आणि तिने हे आधी किती वेळा केलंय, हे सांगायला मला कुणी शिकवलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग आम्ही काय शिकलो? पुष्कळ. अपमान गिळायला शिकलो. न झोपता चालायला शिकलो. केंद्र सरकारचा १९९२चा रेसिडेन्सीचा आदेश आहे: सलग १२ तासांच्या वर ड्यूटी नको, आठवड्याला साधारण ४८ तास, एक सुट्टी. हा आदेश मला तिसऱ्या वर्षी, मार्डच्या एका संपाच्या मंडपात, पत्रकावर वाचायला मिळाला. मी ज्युनिअरला तो वाचून दाखवला तर तिला वाटलं मी जोक मारतेय.

सगळ्यात जास्त शिकलो बर्न्स वॉर्डात, पहिल्या वर्षी. भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग म्हणजे काय, हे शब्दांत सांगायला बसले तर तुम्ही फोन बाजूला ठेवाल. रोज सकाळी जुनी पट्टी सोडवायची, जखम धुवायची, नवी बांधायची. पंधरा-वीस पेशंट, एक रेसिडेंट, एक वॉर्डबॉय. वेदनाशामक देऊन त्याचा असर होईपर्यंत थांबायला हवं, हे पुस्तकात आहे. पण अकराला राउंड असतो. माझ्या सिनिअरने मला शिकवलेला पहिला धडा हा होता की त्या ओरडतात तिकडे लक्ष द्यायचं नाही, लक्ष दिलं की वेळ लागतो. मी तो धडा महिन्याभरात शिकले. तो विसरायला तीन वर्षं लागली, अजूनही पूर्ण विसरले असं छातीठोक सांगत नाही. हे सुद्धा प्रशिक्षणच आहे. फक्त अभ्यासक्रमात छापलेलं नाही.

डिसेंबर २०२० आठवतो? आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण देण्याची अधिसूचना निघाली होती, आणि ११ डिसेंबरला आमच्या लोकांनी देशभर ओपीडी बंद ठेवल्या. पुरेशा प्रशिक्षणाशिवाय पेशंटच्या अंगाला सुरी लावणार कसे, हा मुद्दा. मुद्दा बरोबर होता. मीही काळी फीत लावली होती. फीत लावताना मला तो काळा पडलेला तर्जनीचा तुकडा आठवला, आणि मी फीत काढून खिशात ठेवली. दुसऱ्याच्या अर्धवट शिक्षणाविरुद्ध एक दिवस दवाखाने बंद ठेवणारी संघटना स्वतःच्या घरातल्या अर्धवट शिक्षणाविरुद्ध एक तासही बंद ठेवत नाही.

आणि ती इन्स्टावरची नाकं? ती तर आम्हाला कुणी शिकवलीच नाहीत. सरकारी रुग्णालयात हौसेखातर नाक सरळ करून घ्यायला कोण येणार, आणि आला तरी भाजलेल्यांच्या रांगेत त्याला तारीख कुठली? म्हणजे ज्या कामावर पुढे बहुतेकांचं घर चालणार आहे, ते काम तीन वर्षांत हाताखालून जातच नाही. मग पोरं एमसीएच झाल्यावर पैसे भरून वर्कशॉप करतात, कुणा मोठ्या क्लिनिकमध्ये सहा महिने कोपऱ्यात उभी राहतात, रात्री व्हिडिओ बघतात. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२मध्ये हेअर ट्रान्सप्लांट आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलं की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघितलं एवढ्यावर कुणी हे सुरू करू नये. रोख गल्लीबोळातल्या केसवाल्यांवर होता, आणि तो योग्यच होता. पण वाचताना आमच्यातल्या किती जणांनी मनातल्या मनात हिस्टरी क्लिअर केली असेल!

ह्याच्यावरचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे. “अगं, आपल्या गर्दीतच हात तयार होतात. परदेशातल्या पोराला वर्षात जेवढ्या केसेस मिळत नाहीत तेवढ्या तुला महिन्यात.” हे खोटं नाही. आमचे चांगले सर्जन जगात कुणाला हार जाणारे नाहीत. पण हे वाक्य म्हणणाऱ्याने कधी मोजलंय, की तो हात तयार होईपर्यंत किती बोटं, किती ग्राफ्ट, किती चेहरे गेले? ज्याची मोजदादच ठेवली नाही ते फुकट आहे असं वाटतंच. आणि गर्दीने हात तयार होतो हे अर्धंच खरं. चुकीचा टाका शंभरदा घातला की चुकीचा टाका पक्का होतो.

दुसरं उत्तर पैशांचं. स्किल लॅबला निधी नाही. कॉलेजांना स्किल लॅब ठेवावी लागते, हे नियमात आहे. मी पाहिलेल्या एका लॅबमध्ये पुतळे प्लास्टिकच्या कव्हरात होते आणि कव्हर फक्त इन्स्पेक्शनला निघायचं. पण धमनी जोडायचा सराव करायला तो पुतळा लागतच नाही. कोंबडीची तंगडी लागते. मांडीच्या आतल्या बाजूला हाडालगत एक धमनी असते, माणसाच्या बोटातल्या धमनीएवढी. अर्धा किलो चिकन, मुदत संपलेले दोरे, एक जुना मायक्रोस्कोप. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये मायक्रोसर्जरीचे सरावाचे कोर्स चालतात, देशभरातून पोरं जातात, आपलीही जातात. म्हणजे इथे हे जमत नाही असं काही नाही. अडतं ते शिकवणाऱ्याने रोज एक तास शेजारी खुर्ची टाकून बसण्यावर. त्या तासाला त्याला कुणी पैसे देत नाही, बढती देत नाही, आणि न बसल्याबद्दल जाबही विचारत नाही.

सुश्रुतांचं चित्र पाठवणारे आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतात, पुण्याची. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला १७९२च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. क्रुसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी पुण्यात ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह वृत्तान्त छापून आला. तिथून युरोपात खळबळ. हे सगळं खरं. पण फॉरवर्डमध्ये दोन गोष्टी गाळलेल्या असतात. तो कारागीर वैद्य किंवा शास्त्री नव्हता, विटा-मडकी करणाऱ्या कुंभाराच्या जातीचा होता, आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आणि त्याने सुरी लावायच्या आधी मेणाचं नाक बनवलं. ते कापलेल्या जागी बसवून पाहिलं, मग सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्याच्या कडेने रेघ मारली. म्हणजे चूक करायची ती आधी मेणात. आजही आम्ही तेच करतो, टाक्याच्या पाकिटाची चंदेरी फॉइल कापून कपाळावर ठेवतो. ते नाक कसं करायचं हे त्या कुंभाराला कुणीतरी शेजारी बसून शिकवलं असणार, एरवी इतकं नेमकं काम हातात येत नाही. आणि ज्या इंग्रजाने ते वाचून लंडनमध्ये पहिल्यांदा केलं, त्या जोसेफ कार्प्यूने आधी मृतदेहांवर सराव केला आणि मग, १८१४ साली, जिवंत माणसाला हात लावला. बातमी वाचून झाल्यावर वीस वर्षांनी! आम्हाला बातमी वाचल्यावर त्याच रात्री लावतात.

आपल्याकडे वेगळा विचार करणारी माणसं झालीच नाहीत असं नाही. डॉ. नोशीर अँटिया घ्या. प्लास्टिक सर्जरीतलं जगातलं मोठं नाव म्हणजे हॅरल्ड गिलिज, त्यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. जे. जे.मध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात आणि बसलेली नाकं सरळ करण्यात वर्षं घातली. आणि मग १९७०च्या दशकात आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या मांडव्याला, जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायला बसला. डॉक्टरांनी ज्ञान उगाच गूढ करून ठेवलंय, ते नीट शिकवलं तर साध्या माणसाच्या हातात देता येतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला तीन वर्षांत त्यांच्या नावाने एक प्रश्नही आला नाही. मला ते कळले ते रेल्वे स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकवाल्यामुळे. हाताखालच्या बायकांना शिकवताना त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि आमच्या सरांना एमएस झालेल्या मुलीशेजारी तासभर बसायला वेळ नव्हता, ही तुलना मला टाळता येत नाही.

मी काय मागते? फार नाही. माणसाच्या धमनीला हात लावण्याआधी तंगडीच्या पंचवीस धमन्या, शिकवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि त्यातून पाणी वाहतं का ते तपासून. पहिल्या काही केसेसना सर प्रत्यक्ष खोलीत, हात धुऊन. फोनवर ‘आहे’ चालणार नाही. पेशंटला त्याच्या भाषेत एक वाक्य: मी शिकते आहे, माझ्याबरोबर अमुक आहेत. लोक नाही म्हणतील अशी भीती सगळे घालतात. मी आता सहा महिने हे वाक्य म्हणते आहे, एकानेही नाही म्हटलेलं नाही. एका आजींनी तर डोक्यावरून हात फिरवून “शिक बाई” म्हटलं. आणि लॉगबुकात एक जास्तीचा रकाना, सहा महिन्यांनी काय झालं त्याचा. बाकीचं सगळं त्या एका रकान्यामुळे आपोआप सुरू होईल असं मला वाटतं.

सध्या मी पनवेल भागातल्या एका रुग्णालयात हातांचं काम करते. दर रविवारी घरी दोन ज्युनिअर येतात. ओटीतून बाद झालेला एक मायक्रोस्कोप भंगारच्या भावात मिळाला, वडिलांच्या ओळखीने टेम्पोतून आणला. चिकनवाला आता ओळखतो, “डॉक्टर, तंगडी लांब ठेवू ना?” म्हणतो. उरलेल्याचा रस्सा होतो. पोरींना मागच्या भिंतीचा टाका पडला की मी तो कापून, नळी उघडून दाखवते. साधारण अठराव्या-विसाव्या धमनीपर्यंत पडतोच. प्रत्येकीला पडतो.

दिवाळीनंतर मी त्या मुलाच्या घरी गेले. पत्ता लक्षात होता. तो आता एका गोदामात चलनं लिहितो, डाव्या हाताने शिकलाय. आईने ओळखलं नाही, त्याने लगेच ओळखलं. मी त्याला सगळं सांगितलं, टाक्यासकट. मी हे पहिल्यांदाच करत होते, आणि शेजारी कुणी नव्हतं, हेही. चहा निवत होता. तो बराच वेळ हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे तुम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं?”

“नाही.”

“मला पण नाही. पहिल्याच दिवशी मशीनवर बसवलं. म्हणाले, बघून बघून येईल.”

मग त्याने थोटकाचं टोक माझ्यापुढे धरलं. थंडीत तिथे ठणकतं, काही लागलं तर करंट बसल्यासारखं होतं. मी चाचपून पाहिलं. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ आली होती. ती काढता येते, छोटी शस्त्रक्रिया असते, असं सांगितलं.

“कोण करणार?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, मी करेन. अशा मी आजवर अकरा केल्या आहेत, नऊ जणांचं दुखणं थांबलं, दोघांचं नाही. आणि हातांचं काम वीस वर्षं केलेले एक सर तेव्हा टेबलाच्या पलीकडे उभे असतील. त्याने आईकडे बघितलं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.